गोदाकाठची कोळशाची भट्टी

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण बहुतेकांनी ऐकलेली असते. परभणी मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात, गोदावरीच्या काठी आहे. गेल्या पौषात तेथले दर्शन आटोपून नदीकाठाने निघालो, तो वेड्या बाभळीच्या रानात मातीचा एक ढीग धुमसताना दिसला. ती कोळशाची भट्टी होती.

पूर्वी लोणारी लोक चुना भाजत आणि कोळसा पाडत. म्हणून लाकडाच्या कोळशाला आपण अजूनही ‘लोणारी कोळसा’ म्हणतो. वेडी बाभूळ मात्र इथली नव्हे. एकोणिसाव्या शतकात ती अमेरिका खंडातून इकडे आली आणि पडीक जमिनीची मालकीण होऊन बसली. तिच्या वाकड्यातिकड्या लाकडाला सुतार विचारीत नाही. भट्टी मात्र ते आनंदाने घेते.

लाकडे दाटीने रचायची, वर पालापाचोळा पसरून मातीने लिंपायचे, आणि वाऱ्यापुरती भोके ठेवून आग द्यायची. पुढे चार-पाच दिवस नुसती राखण!

“मामा, आत काय चाललंय ते कळतं कसं?” मी भट्टीवाल्यांना विचारले.

“धूर सांगतो की, सर! पांढरा म्हंजी लाकडातलं पाणी चाललंय. निळा, पातळ झाला की भोकं बुजवायची. रातीला डोळा लागला अन् भगदाड पडलं, तर सकाळी राख!”

लाकूड तेच, आग तीच. मोकळा वारा मिळाला की राख, वारा कोंडला की कोळसा. तोही चार-पाच किलो सुक्या लाकडामागे जेमतेम एक किलो. चौपाटीवर कणीस भाजून घेताना त्यामागची ही जागलेली रात्र आपल्या ध्यानीमनीही नसते.

पुढे मानवत-पाथरीच्या बाजूला शेताशेतांतून उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग लागले. काही पऱ्हाट्या चुलीत जातात. उरलेल्या पुष्कळदा शेतातच पेटवून देतात. वास्तविक त्यांचाही कोळसा पाडता येतो. इरावती कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ या संस्थेने उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला. पाचट बंद डब्यात कोंडून बाहेरून तापवायचे, आणि त्यातून निघणारा वायूच पुढे जळणाला वापरायचा, अशी ती युक्ती. २००२ साली तिला इंग्लंडचे ॲशडेन पारितोषिक मिळाले.

असा कोळसा मातीत मिसळला, तर तो शेकडो वर्षे टिकू शकतो. हलक्या जमिनीत ओलही धरून ठेवतो. पण बहुधा तो अल्कधर्मी असतो, आणि मराठवाड्याची काळी जमीनही बरीचशी तशीच! तेव्हा माती तपासल्यावाचून तो टाकू नये. विचारायला लांब जायला नको. १९७२ पासून खुद्द परभणीतच कृषी विद्यापीठ आहे. पऱ्हाटीला काडी लावण्याआधी एवढी चौकशी केली, तर बिघडले कुठे?