कुलुपाआडचा भोंगा

वार्धक्यात झोप कमी होते, हे ऐकून होतो. परंतु आपल्या जागरणाचे कारण आपल्या देहात नसून शेजारच्या कुलूपबंद घरात असावे, हा अनुभव मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी आला. ज्यांच्या घरी रुग्ण आहे आणि ज्यांची रात्र त्या रुग्णाच्या झोपेवर अवलंबून आहे, अशा वाचकांना तो उपयोगी पडेल, म्हणून येथे सांगतो.

मुरबाड तालुक्यातील धसई हे माझे मूळ गाव. भोवती भातखाचरे, मागे सह्याद्रीच्या रांगा आणि मध्ये आसपासच्या वाड्या-पाड्यांची बाजारपेठ, असे त्याचे रूप आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून धसईचे नाव वृत्तपत्रांतून झळकले, तेव्हा मी ठाण्यातील नोकरीतून निवृत्त होऊन येथे स्थिरावलो होतो. चार वर्षांपूर्वी माझ्या पत्नीला स्मृतिभ्रंशाचे निदान झाले. परिचित घर, ठरलेला दिनक्रम आणि शांतता हीच तिच्यासाठी अर्धी औषधे आहेत, असे डॉक्टरांनी सांगितले. पहिली तीन वर्षे गावाने ती औषधे भरभरून दिली.

आमच्या कुंपणापलीकडे, सुमारे तीस मीटर अंतरावर, डोंबिवलीच्या एका निवृत्त गृहस्थांचा बंगला आहे. प्रारंभी ते दर पंधरा दिवसांनी येत, आंब्याच्या कलमांना स्वतः पाणी घालीत आणि जाताना कुंपणावरून हाक मारून निरोप घेत. गेल्या चैत्रापासून त्यांचे येणे थांबले. फाटकावर कुलूप, पायऱ्यांवर पाचोळा आणि भिंतीवर उंच बसवलेला चोरांपासून सावध करणारा सायरन, एवढेच काय ते मागे राहिले.

आषाढातील एका वादळी रात्री वीज गेली. पंखा थांबला, आणि त्याच क्षणी तो सायरन किंचाळू लागला. चोर आले असे समजून मी विजेरी घेऊन ओटीवर आलो. पलीकडे चिटपाखरूही नव्हते. वीस-पंचवीस मिनिटांनी आवाज आपोआप थांबला. पुढे हा क्रमच झाला. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाणे ही नवलाची गोष्ट नाही. नवल एवढेच, की प्रत्येक वेळी अंधाराबरोबर हा आक्रोशही येऊ लागला.

माझे जागरण मी सोसले असते. परंतु पत्नीच्या कानी तो सायरन नव्हता. तिचे माहेर लालबागचे. वडील गिरणीत कामाला. लग्नापूर्वी पहाटे उठून त्यांचा डबा करणे हे तिचे काम होते आणि गिरणीचा भोंगा हे तिचे घड्याळ. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर त्या भोंग्यांचे दिवस सरत गेले. तिचे वडील जाऊनही तीस वर्षे झाली. परंतु स्मृतिभ्रंशात अलीकडचे आधी पुसले जाते आणि दूरचे पुष्कळ काळ टिकते. सायरन वाजला की ती तडक उठे आणि म्हणे, “अहो, भोंगा झाला. बाबांची पहिली पाळी आहे. डबा व्हायचाय अजून.”

प्रारंभी मला हसू आले, मग करुणा वाटली. आणि श्रावणातील एका रात्री भीती वाटली. त्या रात्री मी थकून गाढ झोपलो होतो. सायरनने मला जाग आली नाही. जाग आली ती गॅसच्या वासाने. स्वयंपाकघरात ती अंधारात उभी होती. शेगडीचे बटण उघडे होते आणि ती चाचपडत काड्यापेटी शोधीत होती. सुदैवाने काड्यापेटी मी वरच्या फळीवर ठेवलेली होती. मी बटण बंद केले, रेग्युलेटर बंद केला, दारे-खिडक्या उघडल्या आणि तिला अंगणात नेऊन बसवले. विजेरीचे बटणही घरात दाबायचे नाही, एवढे भान राहिले. ती मात्र माझ्याकडे रागाने पाहत म्हणाली, “बाबा उपाशी जातील ना!”

त्या पहाटे माझ्या मनात शेजाऱ्याविषयी जे विचार आले, ते लिहिण्यासारखे नाहीत. त्यांचा क्रमांक माझ्या वहीत होता. तीन दिवस फोन लावला, तो बंद. मी समजलो की हे टाळणे आहे. पुतण्या म्हणाला, “काका, एक शिडी द्या, तार कापून टाकतो.” मोह झाला, हे कबूल करतो. परंतु दुसऱ्याच्या आवारात शिरून विजेच्या तारेला हात लावणे हे पावसाळ्यात जिवावरचे आणि कायद्याच्या दृष्टीने आपल्याच अंगावर उलटणारे काम. मी त्याला थांबवले आणि वही-पेन घेऊन बसलो.

आवाजाचा त्रास सांगताना आपण बहुधा “रोज रात्रभर वाजतो” असे म्हणतो. ऐकणाऱ्याला ते खरे वाटत नाही, कारण ते खरे नसते. मी तारीख, सुरू होण्याची वेळ, थांबण्याची वेळ, वीज होती की नव्हती आणि पत्नीची अवस्था अशा पाच रकान्यांत नोंदी केल्या. तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. त्यांतून एक गोष्ट स्वच्छ दिसली, की वीज असताना सायरन एकदाही वाजला नव्हता. रोगाचे अर्धे निदान त्या वहीनेच केले.

त्याच काळात मी कायद्याचीही माहिती करून घेतली. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. मर्यादेपेक्षा १० डेसिबल किंवा अधिक आवाज असल्यास नागरिकाला तक्रार करता येते. घरफोडीच्या सायरनचा आवाज एक मीटरवर सुमारे ११० डेसिबल असतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो साधारण ६ डेसिबलने उतरतो. म्हणजे तीस मीटरवरही तो ८० च्या आसपास राहतो. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोंगाटापासून मुक्त जगणे हे जीवनाच्या मूलभूत हक्काशी जोडले. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये अशा तक्रारींसाठी यंत्रणा उभारण्याचे निर्देश दिले. तातडीच्या वेळी ११२ हा क्रमांक आहेच. हे सारे वाचून मी पोलिसांसाठी अर्ज लिहिला, घडी करून खिशात ठेवला आणि ठरवले, की आणखी दोन दिवस माणसाचा शोध घ्यावा. मग अर्ज द्यावा.

बंगल्यातील गवत कापणाऱ्या माणसाचा ठावठिकाणा किराणा दुकानात लागला. त्याच्याकडे मालकांच्या मुलीचा क्रमांक होता. मी फोन केला तो कठोर बोलण्याच्या तयारीने. पलीकडून आवाज आला, “काका, तुम्ही धसईहून बोलताय? बाबा रोज विचारतात, कलमं जगली का.” चैत्रात ते न्हाणीघरात घसरले होते. खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि त्यानंतर ते अंथरुणावरच होते. त्यांचा मोबाईल कपाटात बंद पडून होता. मुलगी नोकरी सांभाळून त्यांची शुश्रूषा करीत होती. रात्री दोन-दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवीत होती. माझ्याइतकीच जागी असलेली ती दुसरी व्यक्ती होती. ज्याला मी महिनाभर निष्काळजी समजत होतो, तो माणूस माझ्या पत्नीइतकाच परावलंबी होता.

मी वहीतील नोंदी वाचून दाखवल्या. गॅसची रात्र सांगितली तेव्हा ती काही वेळ बोलूच शकली नाही. रविवारी ती तंत्रज्ञाला घेऊन आली. दोष साधा होता. यंत्रणेची मुख्य बॅटरी निकामी झाली होती. तिच्या जोरावर वीज गेल्यावरही यंत्रणा चालू राहायला हवी. ती मेल्यामुळे वीज जाताच सायरनकडे येणारा पुरवठा तुटे, आणि चोराने तार कापली अशा समजुतीने तो आपल्या पोटातील लहान बॅटरीवर ओरडू लागे. वीज येईपर्यंत किंवा ती बॅटरी संपेपर्यंत तो वाजे. बॅटरी बदलण्याची सूचना यंत्रणा कित्येक आठवडे मालकांच्या मोबाईलवर पाठवीत होती. तो मोबाईल कपाटात होता. अर्ध्या तासात नवी बॅटरी बसली. जाताना तिने बंगल्याची एक किल्ली माझ्या हाती दिली आणि यंत्रणा बंद करण्याची रीत कागदावर लिहून दिली. खिशातील अर्ज मी फाडला नाही; वहीत ठेवला आहे. तो लिहिला नसता, तर मला इतक्या शांतपणे बोलता आले नसते.

या काळात डॉक्टरांकडून जे समजले, तेही नोंदवतो. वयोमानाने आपल्या कानाला हळू बोललेले ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललेले सहन होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच दोषाच्या बाजू आहेत. म्हणून “यांना ऐकू येत नाही, मग आवाजाचा त्रास कसा?” हा प्रश्न चुकीचा आहे. अखंड आवाजापेक्षा अवचित होणारा आवाज अधिक बाधतो, कारण प्रत्येक वेळी शरीर दचकते, नाडी आणि रक्तदाब चढतात. झोपमोड झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाचा गोंधळ दुसऱ्या दिवशी वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये शयनगृहासाठी ३० डेसिबल ही मर्यादा सुचवली होती. यावरून झोप किती नाजूक असते ते कळावे.

शुश्रूषा करणाऱ्याने कानात बोळे घालून झोपणे मला योग्य वाटत नाही. रुग्णाची हाक ऐकू यायला हवी. झोपेची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय रुग्णाला देऊ नये आणि स्वतःही घेऊ नये. आमच्या घरी आता रात्रीच्या जेवणानंतर सिलिंडरचा रेग्युलेटर बंद होतो आणि काड्यापेटी कुलुपात जाते. स्वयंपाकघराच्या दाराला घुंगरू बांधले आहे. वीज गेली की आपोआप लागणारा एक मंद दिवा खोलीत आहे, म्हणजे तिला जाग आली तरी अंधार भेडसावत नाही. आणि ती उठली तर मी तिचे म्हणणे खोडीत नाही. बाबा नाहीत, गिरणी नाही, असे सांगणे म्हणजे प्रत्येक रात्री तिला वडिलांच्या निधनाची वार्ता नव्याने देणे होय.

ज्यांची घरे वर्षातील बहुतेक दिवस बंद असतात, त्यांना माझी एक विनंती आहे. घराला कुलूप लावताना एक किल्ली आणि दोन दूरध्वनी क्रमांक शेजारी ठेवा, त्यांतील एक तरी आपला नसावा. आणि आपण जे शेजारी आहोत, त्यांनी नेहमी दिसणारा माणूस दोन महिने दिसला नाही तर सायरन वाजण्याची वाट पाहू नये. त्यांचे येणे थांबले, तेव्हाच मी एक फोन करायला हवा होता. माझ्या तक्रारीत ही एक नोंद राहून गेली होती.

आता दर रविवारी मी कलमांची छायाचित्रे डोंबिवलीला पाठवतो. तिघे जगले आहेत, एक वाळले. सायरन पुन्हा वाजलेला नाही. पत्नी मात्र अजूनही एखाद्या रात्री उठते. बाहेर केवळ बेडकांचा आणि पावसाचा आवाज असतो. ती विचारते, “भोंगा झाला का हो?”

मी तिचा हात धरून म्हणतो, “आज गिरणीला सुट्टी आहे. बाबा झोपलेत.”

“मग झोपू दे त्यांना,” असे म्हणून ती कुशीवर वळते.