ॲव्हरेज किती देते?

प्रिय विद्यार्थी मित्रांनो, पालकहो आणि विश्वस्त मंडळी,



आपल्या भागात कोणी नवी गाडी आणली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ॲव्हरेज किती देते?” किंमत नंतर, रंग त्याहून नंतर. ॲव्हरेज म्हणजे सरासरी, हे सातवीतला मुलगाही सांगेल. पण सरासरी कशाची, कोणत्या रस्त्यावरची आणि कोणी काढलेली, हे फारसे कोणी विचारत नाही.

गेल्या पालक सभेत काही पालकांनी विचारले की, संत्र्याच्या बहाराचे पैसे हातात आले की हायब्रिड गाडी घ्यावी का? वरचे पैसे कर्ज काढून भरावे लागतील, पण पेट्रोलमध्ये ते वसूल होतील ना? त्याच आठवड्यात आपल्या शाळेच्या मिनी बसचा डिझेल खर्च विश्वस्त मंडळापुढे आला आणि मुलींचे बस भाडे वाढवावे का, असा विषय निघाला. हे दोन प्रश्न वेगळे दिसतात, पण दोघांचा हिशेब एकच आहे. तो सर्वांना कळावा म्हणून हा लेख.

आधी हायब्रिड म्हणजे काय ते पाहू. या गाडीत पेट्रोलचे इंजिन असते आणि जोडीला विजेची मोटर व एक लहान बॅटरी असते. साध्या हायब्रिडला घरी चार्जिंगची तार लावावी लागत नाही. आपण ब्रेक लावतो तेव्हा साध्या गाडीत चाकांची शक्ती उष्णता होऊन वाया जाते. हायब्रिडमध्ये तीच मोटर जनित्र बनते आणि वाया जाणाऱ्या शक्तीचा काही भाग बॅटरीत साठवते. पुन्हा निघताना तीच वीज कामी येते आणि इंजिन बरेचदा बंद राहते. जपानमध्ये १९९७ साली टोयोटाची प्रियस गाडी याच तत्त्वावर विक्रीस आली. आपल्याकडे मारुती सुझुकीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची अर्बन क्रूझर हायरायडर या एसयूव्ही २०२२ मध्ये आल्या. त्यांच्या स्ट्राँग हायब्रिड प्रकाराचा तेव्हा जाहीर झालेला आकडा होता लिटरला २७.९७ किलोमीटर.

हा आकडा येतो कुठून? पुण्यात कोथरूडच्या बाजूला टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही संस्था आहे. अशा संस्थांमध्ये गाडी रस्त्यावर न चालवता मोठ्या फिरत्या रुळांवर उभी करून चालवतात. ठरलेल्या क्रमाने थांबायचे, निघायचे, वेग घ्यायचा. ही चाचणी ११८० सेकंदांची, म्हणजे वीस मिनिटांपेक्षाही थोडी कमी. अंतर साधारण साडेदहा किलोमीटर. वेग ९० च्या वर जात नाही. खोलीतले तापमान २० ते ३० अंश आणि एसी बंद.

काही लोक म्हणतात की हा आकडा खोटा असतो. आम्हाला तसे वाटत नाही. सर्व गाड्यांची परीक्षा एकाच पेपरवर घेतली तरच त्यांची तुलना करता येते, म्हणून अशी चाचणी लागते. पण बोर्डाच्या परीक्षेत पंच्याण्णव टक्के मिळवणारा मुलगा शेताच्या बांधावरही तेवढाच हुशार ठरेल असे नसते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो, गाडीत पाच माणसे आणि वर सामान असते, एसी पूर्ण सुरू असतो. हा पेपर पुण्याच्या खोलीतल्या पेपरहून वेगळा आहे.

म्हणून आम्ही आपल्याच रस्त्यावर परीक्षा घ्यायचे ठरवले. आपल्या एका विश्वस्तांकडे हायब्रिड एसयूव्ही आहे. कंपनी कोणती हे इथे महत्त्वाचे नाही. त्यांच्या परवानगीने आम्ही गाडीत एक वही ठेवली. दर फेरीच्या आधी आणि नंतर एकाच पंपावर, नोजल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरायची. किलोमीटर आणि लिटर लिहायचे. पडद्यावरचा आकडा धरायचा नाही. नववीच्या मुलांनी तीन महिन्यांची बेरीज केली.

सावरगाव, जाम नदीचा पूल आणि पांढुर्ण्याचा बाजार या थांबत-निघत चालण्यात ४७० किलोमीटरला २० लिटर लागले, म्हणजे लिटरला २३.५. नागपूरच्या महामार्गावर ८० च्या वेगाने ८९६ किलोमीटरला ४० लिटर, म्हणजे २२.४. त्याच महामार्गावर १०० च्या वेगाने, एसी आणि पाच माणसांसह ७२४ किलोमीटरला ४० लिटर, म्हणजे १८.१. सौंसर, रामाकोना आणि सिल्लेवानी घाटाने छिंदवाडा जाऊन येण्यात ४०० किलोमीटरला २० लिटर, म्हणजे बरोबर २०.

पालकांना यातली पहिली गोष्ट नवल वाटेल. साधी गाडी गावात जास्त पेट्रोल पिते आणि महामार्गावर कमी. हायब्रिडचे उलट झाले. कारण सोपे आहे. गावात दर दहा पावलांवर ब्रेक लागतो, म्हणून परत मिळवायला शक्ती असते. मोकळ्या महामार्गावर ब्रेकच लागत नाही, तर परत काय मिळणार? तिथे मुख्य खर्च हवेच्या विरोधाचा असतो आणि तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ८० वरून १०० वर गेलो तर वेग सव्वा पट होतो, पण हवेचा विरोध दीड पटीहून जास्त होतो. तिथे बॅटरीचा फारसा उपयोग होत नाही.

घाटाचेही गणित विज्ञानाच्या मुलांनी करून पाहावे. चढताना जेवढे पेट्रोल गेले तेवढे उतरताना बॅटरीत परत येईल, असे अनेकांना वाटते. वर सांगितलेल्या दोन गाड्यांची बॅटरी ०.७६ किलोवॅट-अवरची, म्हणजे पाऊण युनिट विजेची आहे. माणसांसकट गाडीचे वजन दीड टन धरले, तर एवढी ऊर्जा फक्त १८५ मीटरच्या आसपास उतरल्यावर मिळते, तीही काहीच वाया गेले नाही असे मानून. प्रत्यक्षात त्याच्या बऱ्याच आधी बॅटरी भरते. लोटा लहान असला की नदी कितीही मोठी असो, पाणी लोट्याएवढेच.

आणखी एक कारण पेट्रोलचे. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते उसापासून आणि मक्यापासूनही बनते, म्हणून आपल्या जिल्ह्याच्या शेतकऱ्याला ते परके नाही. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे थोडा फरक तिथेही पडतो.

आता सरासरीकडे वळू. समजा घाट चढताना गाडीने १५ दिले आणि तेवढेच अंतर उतरताना ३० दिले. सरासरी किती? बहुतेक जण साडेबावीस म्हणतात. पण १०० किलोमीटर चढायला ६.६७ लिटर आणि १०० उतरायला ३.३३ लिटर लागले. दोनशे किलोमीटरला दहा लिटर, म्हणजे उत्तर २० आहे. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदीतून झाले. तिथे याला ‘हरात्मक माध्य’ म्हणत. तेव्हा पाठ करून परीक्षा दिली होती; त्याचा खरा उपयोग या वहीत दिसला. आकड्यांची सरासरी काढू नये. एकूण किलोमीटर भागिले एकूण लिटर, हाच प्रामाणिक रस्ता. आपल्या वहीत २४९० किलोमीटरला १२० लिटर लागले, म्हणजे २०.७५.

मग कर्ज काढून हायब्रिड घ्यावी का? समजा साधी पेट्रोल गाडी १५ देते, हायब्रिड २० देते, पेट्रोल १०५ रुपये लिटर आहे आणि हायब्रिडला अडीच लाख जास्त मोजावे लागतात. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे २०० लिटर, म्हणजे २१,००० रुपये वाचतील. वरचे पैसे फिटायला बारा वर्षे लागतील आणि त्यात कर्जाचे व्याज धरलेले नाही. जो ३०,००० किलोमीटर चालवतो त्याचे ५२,५०० रुपये वाचतील आणि पाच वर्षांच्या आत वसुली होईल. म्हणून शेजाऱ्याने घेतली हे कारण पुरेसे नाही. आपली वर्षाची धाव किती, ती गावातली की महामार्गावरची, हे आधी लिहून काढावे आणि अडीच लाखांच्या जागी दुकानदाराने सांगितलेला खरा फरक ठेवावा.

शेवटी आपल्या मिनी बसविषयी. ती सध्या लिटरला ८ देते. मेकॅनिकने तपासून सांगितले की फिल्टर बदलले, टायरची हवा नियमित पाहिली आणि उभ्या बसचे इंजिन बंद ठेवले तर साडेनऊ मिळू शकतील. सभेत कोणी म्हणाले, “दीड किलोमीटरने काय होते? १५ वरून २१ वर नेणारी गाडी दाखवा.” इथेच ॲव्हरेज हा शब्द आपल्याला चकवतो. खिशातून किलोमीटर जात नाहीत, लिटर जातात. १०० किलोमीटरला ८ च्या हिशेबाने १२.५ लिटर आणि साडेनऊच्या हिशेबाने १०.५ लिटर लागतात. बचत दोन लिटर. १५ वरून २१ वर गेल्यास ६.७ चे ४.८ लिटर होतात. बचत त्याहून किंचित कमीच! युरोपात म्हणूनच १०० किलोमीटरला किती लिटर, असे सांगण्याची पद्धत आहे.

आपली बस दिवसाला ६० किलोमीटर आणि वर्षाला २२० दिवस चालते. त्यात सुमारे २६० लिटर डिझेल वाचेल. ९० रुपये लिटर धरले तरी २३,००० रुपयांच्या वर. तिगावकडून आणि आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या मुलींचे भाडे यंदा न वाढवता भागेल. भाडे वाढले की आधी मुलीचे शाळेत येणे थांबते, हे आम्ही इतक्या वर्षांत पाहिले आहे. म्हणून विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की भाडेवाढीचा निर्णय करण्याआधी बसची दुरुस्ती करून तीन महिने वही ठेवू द्यावी.

विद्यार्थ्यांनो, दिवाळीच्या सुटीत आपल्या घरच्या मोटरसायकलची किंवा ट्रॅक्टरची अशी वही ठेवा. तीन टाक्या मोजा, एक पान लिहा आणि शाळा उघडली की आणून दाखवा. पुढच्या अंकात निवडक पाने छापू. दुसऱ्याने सांगितलेला आकडा ऐकून घ्यावा, पण खर्च करण्याआधी आपला आकडा आपण काढावा, एवढे जरी या निमित्ताने शिकलो तरी पुष्कळ झाले.

आपला,
प्राचार्य