शाळा निवडताना विचारलेले तीन प्रश्न

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या जन्मदाखल्यावर ‘मुलगा’ लिहिलं आहे. बडोद्यातल्या आधीच्या शाळेत पोरं तिला स्वच्छतागृहात कोंडायची, म्हणून ती दिवसभर पाणीच प्यायची नाही. आम्ही शाळा बदलायची ठरवली.

ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं, की सरकारमान्य शाळेनं भेदभाव न करता शिकवायचं. तरी प्रत्येक ठिकाणी आम्ही विचारलं: हाक कोणत्या नावानं माराल? स्वच्छतागृह कोणतं? कोणी छळलं तर कोणाकडे यायचं? दोन शाळांनी विषय बदलला. तिसरीतल्या बाईंनी आधी तिलाच विचारलं, “बाळा, तुला काय म्हणू?” तिथेच फी भरली.

आजीला नवं नाव आठवायला क्षणभर लागतो, पण हाक त्याच नावानं मारते. तुमच्या नात्यात असं मूल असेल, तर सुरुवात नावापासूनच करा.