तुपाचा दोष नव्हता

रिपोर्ट हातात आला आणि नजर एकाच आकड्यावर खिळली. नऊ वर्षांच्या पोराचं एलडीएल कोलेस्टेरॉल १४८! मुलांचं ११० च्या आत असावं, १३० च्या पुढे गेलं की जास्त धरतात. आजोबांच्या रिपोर्टातला आकडा नातवाच्या कागदावर.

घरी आल्याआल्या मी त्याच्या वरणभातावरचं तूप बंद केलं. तो काही बोलला नाही, ताटाकडे नुसता बघत राहिला. ते आठवलं की अजून आतून तुटतं.

उंचीची काळजी त्याआधीपासूनच होती. शाळेची एकच पँट दोन वर्षं लांबीला पुरली, पण कंबरेचं बटण लागेना. हातपाय काटकुळे, पोट तेवढं गोल. साताऱ्याहून पुण्याला नेलं. डाव्या हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय जेमतेम सहा निघालं. मग क्लोनिडिनची चाचणी झाली : उपाशीपोटी गोळी आणि दर अर्ध्या तासाने रक्त. गोळीची गुंगी चढून तो माझ्या मांडीवर झोपला, तरी सुई टोचली की ओठ थरथरायचे. ग्रोथ हार्मोन कमी निघालं. थायरॉईड ठीक होतं.

तुपाचं सांगितल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, त्याला जेवू द्या. हे तुपामुळे नाही." मग कागदावर यकृत काढून त्यांनी समजावलं. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल पकडून आत घेणारे रिसेप्टर असतात. ग्रोथ हार्मोनमुळे ते वाढतात. हार्मोनच अपुरं असलं की रिसेप्टर कमी पडतात आणि कोलेस्टेरॉल रक्तात फिरत राहतं. पोटावरची चरबी वितळवायलाही हेच हार्मोन लागतं. गोल पोट आणि १४८ चा आकडा, दोन्हींचं मूळ एकच होतं.

त्याच रात्रीपासून तूप परत सुरू झालं.

मग ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालं, रोज रात्री, जेवणानंतर. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब, कारण गोठलं की औषध वाया जातं. आज डावी मांडी, उद्या उजवी. कॅलेंडरवर खूण तोच करतो. "मुलगा आहे, वाढेल की आपोआप, उंचीसाठी एवढा खर्च कशाला?" असं नात्यातल्यांनी किती वेळा ऐकवलं! उंची सगळ्यांना दिसते. त्याच्या रक्तात काय साचतंय ते मी बघितलं होतं.

वर्षभरात तो नऊ सेंटिमीटर वाढला. एलडीएल १०८ वर आलं, पोट सपाट झालं. या हार्मोनने साखर थोडी चढू शकते, म्हणून तीही तपासतात. ती नीट आहे. वाढ पूर्ण झाली की इंजेक्शन थांबवून पुन्हा चाचणी होईल. मोठेपणीही कमतरता राहिली, तर कोलेस्टेरॉल परत वर जाऊ शकतं, हे डॉक्टरीणबाईंनी आत्ताच सांगून ठेवलंय.

काल नवी पँट आणली. दुकानदाराने लांबी दोन बोटं जास्त ठेवली.