आमच्या घराची सावली

काचीगुड्यातील आमचे जुने घर बैठे व कौलारू होते. अंगणात विहीर, विहिरीशी कडुनिंब. माणसे अकरा आणि खोल्या पाच; परीक्षा जवळ आली की अभ्यासाच्या कोपऱ्यावरून आम्हां भावंडांत तंटे होत. म्हणून ते घर पाडावयाचे ठरले त्या दिवशी आम्हांस आनंदच झाला, हे लपविण्यात अर्थ नाही.

भूखंडाच्या किती पट बांधकाम करावे यावर बहुतेक शहरांत मर्यादा असते. आमच्या हैदराबादेत ती २००६ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेश शासनाने उठविली. समोरच्या रस्त्याची रुंदी व भोवती सोडावयाची जागा यांवरून इमारतीची उंची ठरू लागली. गंमत अशी की, १९०८ च्या मुसी नदीच्या महापुरानंतर १९१२ मध्ये याच शहरात नगरसुधार मंडळ स्थापन झाले, त्याच्या कामांपैकी एक म्हणजे दाट वस्ती विरळ करणे!

आज त्या जागी पाच मजले आहेत. दहा घरे, पाच आमची, पाच बांधणाऱ्याने विकलेली. जागेअभावी दूर भाड्याने राहणारी आत्या परत आली. आजीला याहून अधिक काही नको होते. विहीर बुजली, कडुनिंब गेला. गल्लीतील मलवाहिनी मात्र एका घराच्या बेताचीच राहिली, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आला म्हणजे कोणाचीच गाडी हलत नाही.

परंतु आम्हांस खरी टोचणी आहे ती शेजारच्या अम्मम्मांची. आमच्या पश्चिमेस त्यांचे जुने घर अजून उभे आहे. चैत्र-वैशाखात त्यांच्या अंगणात सकाळपासून लाल मिरच्या आणि मीठ लावलेल्या कैरीच्या फोडी वाळत. राखणीला आम्ही बसत असू व राखता राखता निम्म्या फोडी फस्त करीत असू. त्या कधी रागावल्या नाहीत. आता त्या अंगणात दहा-अकरा वाजेपर्यंत आमच्याच घराची सावली पडलेली असते.

गेल्या उन्हाळ्यात त्या संकोचत आजीकडे आल्या व म्हणाल्या, "तुमच्या गच्चीवर थोडे ऊन मिळेल का?" आजी काही बोलली नाही. तिने आमच्याकडे पाहिले.

गच्चीला कुलूप असते. किल्ली तिसऱ्या मजल्यावरील चिटणिसांकडे. सकाळी ती मागून आणावयाची, परड्या वर न्यावयाच्या आणि दिवे लागण्यापूर्वी खाली आणावयाच्या, हे काम आम्ही भावंडांनी वाटून घेतले आहे. फोडी आता आम्ही खात नाही.