दुपारची डोंबिवली

सकाळचे साडेनऊ वाजले की डोंबिवलीतली मोठी माणसं संपायची. पहाटेच्या पहिल्या लोकलपासून सुरू झालेली पावलांची रीघ तोवर आटलेली असे. मानपाडा रोडवरून, टिळक रोडवरून, पश्चिमेला गुप्ते रोडवरून जो तो स्टेशनाकडे गेलेला असे, ४८ किलोमीटरवरच्या व्हीटीच्या दिशेने. ती माणसं परतणार दिवेलागण उलटल्यावर. मधल्या लांबलचक दिवसात गावात उरायचे ते आजी-आजोबा, घर सांभाळणाऱ्या बायका, दुकानदार, रिक्षावाले आणि आम्ही. सकाळचं ज्युनिअर कॉलेज आटोपून बाराच्या आत मोकळी झालेली, सोळा-सतरा वर्षांची पोरं.

डोंबिवलीबद्दल जे काही लिहिलं-दाखवलं गेलं ते बहुतेक त्या निघून गेलेल्या माणसांबद्दल आहे. त्यांची गर्दी, त्यांचं दारात लोंबकळणं, त्यांची चौथी सीट. २००५ साली निशिकांत कामतांचा ‘डोंबिवली फास्ट’ आला आणि गावाचं नाव गाडीला कायमचं चिकटलं. ते खरंही आहे. माझे बाबा त्याच गर्दीत होते. पण गाडी निघून गेल्यावर मागे राहिलेलं गाव कसं असे, हे आमच्याशिवाय कुणी पाहिलेलं नाही. १९९० नंतरची काही वर्षं ते गाव आमच्या ताब्यात होतं.

१८५४ साली ठाण्याच्या पुढे कल्याणपर्यंत रूळ पडले, तरी डोंबिवली फुगली ती फार नंतर. गिरगाव, दादर, परळच्या चाळींतल्या खोल्या वाढत्या कुटुंबांना पुरेनात, तेव्हा मालकीचं घर परवडेल अशी जागा शोधत माणसं इथवर आली. १९६४ मध्ये एमआयडीसी झाली, कारखान्यांतल्या नोकऱ्यांनी आणखी माणसं आणली. ज्याला त्याला मिळालं ते वन रूम किचन. बाहेरच्या खोलीत दिवाण आणि त्यावर आजोबा, आत ओट्याशी आई, गॅलरीत पाण्याची पिंपं. सतराव्या वर्षी माणसाला एक दार हवं असतं, आपल्या हाताने लोटून घेता येईल असं. ते त्या घरांत नव्हतं. मैत्रिणीशी चार शब्द मनातले बोलायचे तर जिना उतरून रस्त्यावर यावं लागे.

मुलांचं सोपं होतं. ते उभे राहत. चार रस्त्याच्या नाक्यावर, घरडा सर्कलजवळच्या टपरीवर, भागशाळा मैदानाच्या कडेला, एक पाय जमिनीवर आणि एक मागच्या भिंतीला टेकवून, दोघांत एक कटिंग घेऊन. त्यांना उभं राहायला कारण लागत नसे. कुणी वडीलधारा जाता जाता ‘टवाळक्या चालल्यात’ म्हणे आणि पुढे जाई. मुलगी उभी राहिली की मात्र संध्याकाळच्या आत घरी निरोप पोचे. ‘तुमची मोठी नेहरू मैदानापाशी दिसली हो.’ एवढंच वाक्य, पण त्यातल्या त्या ‘हो’ला आईच्या कपाळावर आठी आणण्याची ताकद होती. चालणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही. ती कुठून तरी निघाली आहे आणि कुठे तरी पोचणार आहे असं सगळे धरून चालतात. हे आम्हाला फार लवकर उमगलं आणि आम्ही थांबणंच सोडलं. मुलांना कट्टा होता, आम्हाला चक्कर होती.

चकरेला निमित्त लागे, आणि निमित्तं जमवण्यात आम्ही तरबेज झालो. सगळ्यांत भरवशाची लायब्ररी. हे वाचणारं गाव होतं. पु. भा. भावे इथले, शं. ना. नवरे इथले. पै फ्रेंड्स लायब्ररीत पुस्तक बदलायला निघालेल्या मुलीला अडवावं असं कोणत्याही आईला वाटत नसे. मी पुस्तकं पातळ निवडायची, म्हणजे लवकर संपतात. दुसरं निमित्त गणपती. तिसरं कॅसेट. एका कागदावर गाण्यांची यादी करायची, कोरी साठ मिनिटांची कॅसेट घेऊन दुकानात द्यायची, दोन बाजूंत गाणी कशी बसतील यावर दुकानदाराशी चर्चा करायची. तो ‘परवा या’ म्हणे, आम्ही उद्याच जात असू. झाली असती तर वाईट वाटलं असतं.

हे सगळे रस्ते शेवटी फडके रोडला मिळत. तसा तो लहानसाच रस्ता. स्टेशनाच्या बाजूने निघावं, दोन्ही अंगांची कपड्यांची, भांड्यांची, चपलांची दुकानं बघत चालावं, की टोकाला गणेश मंदिर येतं, १९२४ साली स्थापन झालेल्या संस्थानाचं. चप्पल काढायची, नमस्कार करायचा, अंगारा लावायचा आणि मागच्या गल्लीतून वळून पुन्हा स्टेशनाकडे. तोच रस्ता पुन्हा एकदा. एका चकरेत अर्धा वर्ग दिसे. जो दिसायला हवा तो दिसला तर बोलायचं काहीच नसे. चाल किंचित मंद करायची, शेजारच्या मैत्रिणीला कोपराने ढोसायचं, आणि तिने मुद्दाम मोठ्याने कुठल्या तरी जर्नलची चौकशी करायची. तोही त्याच वेळी सायकलची चेन बघायला वाके. एवढ्यावर आम्ही दोन-दोन दिवस काढत असू. त्या बिनबोलण्यात जे होतं, ते पुढे पुष्कळ बोलणाऱ्या नात्यांत मला मिळालं नाही.

मग सनी आली.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याने सोळा वर्षं पूर्ण झालेल्यांना बिनगिअरची गाडी चालवायची मुभा दिली होती. लूना १९७२ पासून रस्त्यावर होती, पण ती आमच्या शाळेतल्या बाईंची, पोस्टातल्या काकांची, नवरा-बायको आणि दुधाची किटली यांची गाडी. १९९० साली बजाजने काढलेली सनी मात्र बघताक्षणी आमची वाटली. ठेंगणी, हलकी, पाय खाली सहज टेकतील अशी. आमच्या चौघींत एकीकडेच ती होती, लाल रंगाची, तिच्या वडिलांनी कॉलेज लांब पडतं म्हणून घेऊन दिलेली. पेट्रोलला आम्ही सगळ्या पैसे काढायचो. पंपावरचा माणूस पेट्रोलात टू-टी ऑइल मोजून घाली, तो वास मला आजही कुठे आला की मान आपोआप वळते. मागे एक बसे, उरलेल्या दोघी भाड्याच्या सायकलींवर, आणि सनी त्यांच्यासाठी मुद्दाम सावकाश चाले.

पूर्वेहून पश्चिमेला जायला कोपरचा पूल. दोघींना घेऊन त्या चढावर सनीचा जीव घाबरा व्हायचा. मग मागचीने उतरायचं, चालत चढायचं, माथ्यावर पुन्हा बसायचं. त्यामुळे पुलाच्या माथ्यावर थांबणं आपोआप घडे, आणि ते थांबणं नियमात बसत होतं, गाडीसाठी होतं ना ते. खाली रूळ उन्हात चमकत असत. आग्नेयेला मलंगगडाचा तो ओबडधोबड माथा. दुपारच्या लोकल जवळजवळ रिकाम्या जात, दारं मोकळी, आत हलणाऱ्या कड्यांची रांग. सकाळी हीच गाडी बाबांना गिळून गेली आहे यावर विश्वास बसत नसे. एकदा आमच्यातली एक म्हणाली, ‘आपण पण जाणार ह्याच्यातून.’ कुणी उत्तर दिलं नाही. मी गाडीला किक मारली.

त्या गाडीवर आम्ही गावाच्या कडा पाहिल्या. एमआयडीसीच्या निवासी भागातले रुंद, सरळ, सावलीचे रस्ते, जिथे आम्ही सगळ्या पाळीपाळीने चालवायला शिकलो आणि वारा कारखान्यांकडून वाहू लागला की ओढणीने नाक झाकलं. पलीकडे काटई नाका, आणि तिथून शिळ रोड. त्या वेळी त्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भातखाचरं होती. श्रावणात निघालं तर डोळ्यांत हिरवं मावायचं नाही. खिडकाळीला खिडकाळेश्वराचं जुनं देऊळ आणि त्याच्या शेजारचं तळं. सोमवारी तिथे गर्दी, बाकीच्या दिवशी पुजाऱ्याशिवाय कुणी नाही. बाहेर भाजलेलं मक्याचं कणीस घ्यायचं, तिखट-मीठ-लिंबू चोळून, आणि तळ्याच्या पायरीवर बसून दाणा दाणा संपवायचं. पाऊस आला तर भिजायचं, कारण घरी सांगायला ‘क्लासहून येताना पावसात सापडलो’ हे वाक्य तयार होतं.

पण आमची खरी जागा पश्चिमेला होती, रेतीबंदरावर. दीनदयाळ रोडने सरळ खाली गेलं की वस्ती विरळ होई आणि उल्हास खाडी दिसू लागे. रेतीचे ढीग, काठाला लागलेल्या होड्या, ओल्या वाळूच्या पाट्या वाहणारे मजूर, पलीकडे खारफुटीची काळपट हिरवी रेघ. तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. जगात तेवढी एक जागा अशी होती की जिथे आम्ही नुसत्या बसू शकत होतो. मजुरांना आमच्याशी देणंघेणं नव्हतं, त्यांना ट्रक भरायचे असत. आणि गंमत अशी, की चाकांवर असताना अखंड बडबडणाऱ्या आम्ही तिथे बसलो की हळूहळू खरं बोलू लागायचो. एकीने तिथे सांगितलं की तिला सायन्स झेपत नाही आणि घरी सांगायची हिंमत नाही. एकीने आईच्या आजाराचं सांगितलं, जे तिच्या बिल्डिंगमध्येही कुणाला माहीत नव्हतं. मी काय सांगितलं ते इथे लिहिणार नाही. ते अजूनही त्या तिघींपाशी आहे, आणि तिथेच राहावं असं मला वाटतं. भरती चढत असे, पाणी गढूळ तपकिरी, त्याचा खारट-कुजकट वास. मला तो कधीही घाण वाटला नाही.

सहाच्या आत परतावं लागे. सहानंतर एकेक डाऊन गाडी माणसं आणून ओतू लागे, रिक्षांच्या रांगा लागत, भाजीवाले ओरडू लागत. मोठ्यांना त्यांचं गाव परत द्यायची ती वेळ. बाबा यायचे तेव्हा मी पुस्तक उघडून बसलेली असे.

वर्षातून एक दिवस मात्र हा सगळा हिशेब मोडत असे. नरकचतुर्दशीची पहाट. त्या दिवशी ऑफिस नाही, गाडी नाही, सगळं गाव गावातच. अभ्यंगस्नान, फराळाची ताटली, नवे कपडे, आणि उजाडता उजाडता फडके रोड. देवदर्शन तर होतंच, पण दर्शन घेतल्यावर घरी जायचं नाही, हा डोंबिवलीचा अलिखित रिवाज. शाळा सुटल्यापासून न दिसलेले चेहरे भेटत. सदरे-झब्बे घातलेले मुलगे, पहिल्यांदाच साडी नेसून पदर सावरणाऱ्या मुली. रस्ता माणसांनी इतका भरे की चालणं शक्य नसे, उभंच राहावं लागे. आणि आम्ही उभ्या राहायचो. भर रस्त्यात, भर उजेडात, तासन्‌तास, मुलांशी उघडपणे बोलत. शेजारच्या काकू समोरून गेल्या तरी हसून ‘शुभ दीपावली’ म्हणत. त्या पहाटेसाठी मी वर्षभर थांबत असे. फराळ, फटाके, कंदील हे सगळं नंतर.

पदवी झाली, नोकरी लागली, मी पास काढला. त्या दिवसापासून डोंबिवली मला दिसेनाशी झाली. सकाळी अंधुकशी, रात्री दिव्यांची. स्टेशन ते घर एवढीच वाट उरली. लेडीज डब्यातल्या मैत्रिणी चांगल्या मिळाल्या, पण आम्ही भेटत होतो ते गाव सोडताना.

आता शिळ रोडच्या खाचरांवर पलावाचे मनोरे आहेत. मोठागावातून खाडीवर माणकोलीचा पूल झाला आहे, त्यावरून गाड्या भरधाव ठाण्याकडे जातात. सनी इतिहासजमा झाली. मुलांना मॉल आहेत, पण मॉलमध्ये बसायला खिशात पैसे लागतात, आणि खिशात काही नसताना जाता येईल अशा जागा या शहरात झपाट्याने कमी होत आहेत. ही गोष्ट मला मनापासून लागते.

आमच्या सोसायटीच्या पुढे एक बुटका कठडा आहे. संध्याकाळी त्यावर आसपासची पोरं बसतात. त्यांत मुलीही असतात, पाय हलवत, निवांत, कुठेही जायची घाई नसलेल्या. मी कामावरून येते तेव्हा त्यांना बघून माझी चाल मंद होते. गेल्या सभेत कुणीतरी ठराव मांडला की कठड्यावर लोखंडी टोकदार पट्टी बसवावी, म्हणजे हे बसणं बंद होईल. आवाज होतो, कचरा होतो, मुली मुलांबरोबर असतात. मी उठले आणि म्हणाले की कचऱ्यासाठी डबा ठेवा, आवाजासाठी मी स्वतः त्यांच्याशी बोलते, पण पट्टी बसू देणार नाही. बराच वेळ वादावादी झाली. सेक्रेटरींनी विषय पुढच्या सभेवर टाकला आहे. तोवर मी संध्याकाळी एकेका घरी जाऊन बायकांशी बोलते आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी इथेच वाढलेल्या, माझ्याच वयाच्या. त्यांच्याकडे लूना होती. त्या सभेला येणार आहेत, आणि सुनेलाही आणणार आहेत.