जुनी मिळतेत का कुठं?

बीदर, भालकी, कमलनगर आणि मग उदगीर. एकाच रुळावरची ही गावे १९५६पर्यंत एकाच जिल्ह्यात होती. भाषावार प्रांतरचना झाली, उदगीर सीमेपलीकडे, आजच्या महाराष्ट्रात गेले आणि आम्ही भालकी-औरादवाले अलीकडे, आजच्या कर्नाटकात राहिलो. शाळा बदलल्या, कचेरीचे कागद बदलले. घरातली बोली तेवढी तशीच राहिली.

२२ ते २४ एप्रिल २०२२ला उदगीरला पंचाण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष भारत सासणे. परिसंवादांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे. मी बराच वेळ ग्रंथप्रदर्शनात काढला, कारण आमच्याकडची माणसे तिथेच भेटत होती.

औरादकडचे एक धोतरवाले आजोबा एका कादंबरीपुढे थांबले. उपरण्याला हात पुसून त्यांनी पुस्तक उघडले, उभ्या उभ्या चार पाने वाचली, मागची किंमत पाहिली आणि होते तिथे नीट ठेवून दिले. मग विक्रेत्याला हळूच विचारले, “जुनी मिळतेत का कुठं?”

“हैदराबादला बघा. रविवारी, आबिड्सच्या फुटपाथवर.”

ते उत्तर माझ्या जिव्हारी लागले. चार पानांत रमणाऱ्या माणसाने एका जुन्या पुस्तकासाठी हैदराबाद गाठायचे?

हा मुलूख पुस्तकांना परका नाही. बहमनी वजीर महमूद गवानने १४७२ मध्ये बीदरला मदरसा बांधला. त्याच्या ग्रंथालयात तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. १६९६ मध्ये तिथे झालेल्या दारूगोळ्याच्या स्फोटात इमारतीचा मोठा भाग कोसळला. उरलेल्या मिनारावरच्या निळ्या फरश्या बघायला आजही लोक लांबून येतात.

आणि पुस्तके आजही आहेत की! भालकी, बसवकल्याण, आळंद, कुठल्याही निवृत्त मास्तरांच्या घरी जा, कपाट भरलेले असते. मुले कन्नड-इंग्रजीत शिकली, नोकरीसाठी बंगळूर-पुण्याला गेली. मास्तर गेले की रद्दीवाला येतो आणि आयुष्यभर जमवलेले सगळे किलोवर जाते. हे बघवत नाही.

तीच पुस्तके विकत घेऊन भालकीच्या बसस्टँडजवळ कोणी एक गाळा मांडावा. मराठीशेजारी कन्नड असावे, उर्दूही असावे. इथल्या माणसाला तिन्ही लागतात. गिऱ्हाईक मिळेल, याची मला खात्री आहे. माझ्या घरची दोन फडताळे मी पहिल्याच दिवशी आणून देईन.